पहिली डबी

भालचंद्र खैरनार आमच्याकडे जेवायला आला की पानावर बसण्याआधी स्वयंपाकघरात जायचा, कोथिंबिरीची जुडी उचलायचा आणि तिचे देठ बघायचा. देठाला माती दिसली की माझ्या बायकोला म्हणायचा, "वहिनी, हिला अजून एक आंघोळ घाला. पाटाच्या पाण्यात बुडवून ताजी केलेली आहे ही." सुनंदा हसत हसत जुडी पुन्हा धुवायला घ्यायची. हेच मी एकदा म्हटले होते. तेव्हा ती म्हणाली होती, "अहो, किती किरकिर कराल? इतकी वर्षं खाताय, काही झालं का?"

सूचना तीच, कारणही तेच. मी केली की किरकिर, खैरनारने केली की काळजी. हा फरक मला आजवर कोणी समजावून सांगितलेला नाही. मला त्याचा हेवा वाटत असे. 'वाटत असे' हा भूतकाळ नेमका नाही, पण तूर्त राहू दे.

माणसाच्या आतड्यात राहणारे जंत हा खैरनारचा विषय. गोल जंत, पट्टकृमी, आणि अनवाणी पायातून शिरून रक्त पिणारा अंकुशकृमी. नाशिकच्या पश्चिमेला, हरसूलच्या पुढच्या पाड्यांवर त्याने उमेदीची जवळजवळ सगळी वर्षे घालवली. लग्न केले नाही. कोणी विचारले तर म्हणायचा, "माझ्या घरात आधीच फार मंडळी आहेत, काचेखाली." यावरही लोक हसायचे. मी सांगितलेल्या विनोदावर लोक हसण्याआधी थोडा विचार करतात.

त्याच्याविषयी लिहायचे कारण माझी मुलगी मुक्ता. ती एकुलती एक. तिने काय करावे हे मी ठरवले होते, आणि ती त्याच्याकडे गेली. ते कसे झाले हे सांगायचे तर आधी तो कसा होता ते सांगावे लागेल.

एमएस्सीला आम्ही एकाच बाकावर होतो. तो देवळ्याकडचा, कांदेवाल्या घरातला; मी नाशिकचाच, पोस्टातल्या कारकुनाचा मुलगा. आमच्या सरांचा एक नियम होता. प्रत्येक काच दोघांनी वाचायची. काच म्हणजे मापाने घेतलेली चिमूटभर विष्ठा चाळणीतून गाळून काचपट्टीवर दाबलेली. सूक्ष्मदर्शकाखाली तिच्यातली जंतांची अंडी मोजायची. एकाचा आकडा दुसऱ्याला कळू द्यायचा नाही. दोन्ही आकडे जुळले तरच ते खरे धरायचे.

माझे आकडे बरोबर असायचे. खैरनारचे थोडे चुकायचे, कारण तो मोजता मोजता थांबायचा.

"दिग्या, इकडे ये. हिच्यात आतलं हलतंय."

"मोज ना आधी."

"मोजतो रे. पण बघ तरी. बाहेर यायची घाई झालीय तिला."

मी बघायचो. अंड्याच्या पातळ कवचात अळी वळवळत असायची. मी म्हणायचो, "हो, हलतेय," आणि माझ्या काचेकडे परत जायचो. दुसरे वर्ष संपताना सरांनी आम्हा दोघांना बोलावले. मला म्हणाले, "दिगंबर, तुझा आकडा मी डोळे मिटून घेतो." मग खैरनारकडे वळून म्हणाले, "तू पीएचडीला अर्ज कर." दोन्ही वाक्ये एका दमात, एकाच खुर्चीतून. पहिले वाक्य मी बरीच वर्षे कौतुक म्हणून सांभाळले.

मी पिंपळगाव बसवंतला द्राक्षांच्या पॅकहाउसमध्ये गुणवत्ता तपासणीत लागलो. मण्याचा व्यास, गोडी, पेटीचे वजन. त्याबद्दल तक्रार नाही. घर झाले, मुलगी शिकली, हंगाम सोडून झोप वेळेवर मिळाली. पण दुसऱ्या वाचणाऱ्याचा नियम खैरनारने पुढेही पाळला, आणि त्याच्याकडे माणसे कायमच कमी. म्हणून रविवारी तो मला पाड्यांवर घेऊन जायचा. अंकुशकृमीचे अंडे काचेवर तासभरही धड टिकत नाही, विरून जाते. नाशिकला आणून वाचू म्हटले तर हाती काही लागत नाही. त्यामुळे शाळेच्या ओट्यावर, सूक्ष्मदर्शकाचा आरसा उन्हाकडे करून, तिथल्या तिथे वाचावे लागायचे.

पहिल्यांदा गेलो तो दिवस मला नीट आठवतो. आदल्या दिवशी पाड्यावर झाकणाच्या छोट्या डब्या वाटल्या होत्या. सकाळी बायका ओट्यापाशी आल्या, पण डब्या पदराखाली. एकमेकींना ढकलत हसत होत्या. पुरुष कुडाच्या आडोशाला. मी जंतांचे दुष्परिणाम लिहून नेले होते ते वाचून दाखवले. अशक्तपणा, मुलांची खुंटलेली वाढ, सगळे क्रमाने. कोणी हलले नाही.

खैरनारने खांद्यावरच्या कापडी पिशवीत हात घातला, एक डबी काढली आणि टेबलावर ठेवली. तिच्यावर चिठ्ठी चिकटवलेली होती.

"ही माझी," तो म्हणाला. "भालचंद्र दामू खैरनार. आज पहाटेची. नाव वाचून घ्या, बदलायला नको."

मग पुढे उभी असलेली एक म्हातारी म्हणाली, "सायेब, तुमचं बी आमच्यासारखंच हाय का?"

"मग काय आजी, शेवंतीची फुलं येतील होय?"

म्हातारी तोंडाला पदर लावून इतकी हसली की तिला धरावे लागले. तिनेच दुसरी डबी ठेवली. मग टेबलावर जागा पुरेना. त्याने स्वतःची काच सगळ्यांत आधी केली आणि मला वाचायला दिली. तिच्यात गोल जंताची अंडी होती. मी त्याला हळूच बाजूला नेऊन सांगायला गेलो, तर तो ओट्यावरूनच मोठ्याने म्हणाला, "निघाले, माझ्यात निघाले," आणि सगळ्यांसमोर त्याने जंतांची गोळी चावून खाल्ली.

मी त्या दिवशी घरून डबी नेली नव्हती. नेली असती तरी ती टेबलावर ठेवणे मला जमले नसते. हे धाडस आहे असे म्हणावे, तर तसे दिसत नाही. नाटक म्हणावे, तर त्याच्यात खरेच जंत निघाले होते. पुढे प्रत्येक पाड्यावर त्याने हेच केले. पहिली डबी नेहमी त्याची.

इतर सवयी सांगायच्या तर तो कोणाच्याही लग्नात आहेरापेक्षा पोटाची चौकशी जास्त करायचा. पेल्यातले पाणी पिण्याआधी पेला उजेडात धरायचा. अनवाणी मूल दिसले की त्याच्याशी बोलता बोलता तळपाय उलटा करून बघायचा, घोड्याची नाल बघावी तसा. रागावला की अहिराणीवर जायचा. एकदा अनुदान देणाऱ्या कार्यालयातून फोन आला, पाडे कमी करा म्हणून. मी शेजारीच होतो. आधी प्रमाण मराठीत दोन-तीन वाक्ये नम्रपणे बोलला, मग एकदम म्हणाला, "साहेब, पोटमा काय शे ते माले माहीत शे. माले नका शिकाडू." पलीकडचा माणूस बहुधा हसला असावा, कारण पाडे कमी झाले नाहीत. मी वरिष्ठांशी असे बोललो असतो तर काय झाले असते ते मला ठाऊक आहे.

त्याचे एक आवडते म्हणणे होते. "जंत सगळ्यांना समान वाटलेले नसतात, दिग्या." ते खरेही आहे. एका पाड्यात माणसे तपासली तर बहुतेकांच्या पोटात थोडे, आणि एखाद्याच्या पोटात भरमसाट. असे का, याचे पुरते उत्तर त्यालाही सापडले नव्हते. तो पुढे म्हणायचा, "जंत काय, अक्कल काय, निसर्गाला समान वाटप मंजूर नाही." हे बोलताना तो माझ्याकडे बघायचा नाही, हे मी नोंदवून ठेवतो. बघितले असते तर निदान भांडता आले असते.

याच असमान वाटपामुळे मला एकदा त्याच्यावर मात करायची संधी मिळाली.

त्याने बऱ्याच वर्षांच्या कामाचा एक मोठा लेख लिहिला होता. गोळ्या वाटल्यानंतर जंत कोणत्या घरांत परत येतात, यावर. दिल्लीला एका परिषदेत तो वाचायचा होता. आकडे तपासायला त्याने रीतसर माझ्याकडे दिले. एका पाड्यातल्या एका कुटुंबाशी मी अडलो. आजोबा, मुलगा, सून, नातवंडे, सगळ्यांचे आकडे जवळजवळ सारखे. माणसांची पोटे इतकी एकमताची नसतात. शेजारची दोन घरे बघितली. तीही तशीच. मी पुन्हा पुन्हा तपासले, आणि खोटे कशाला लिहू, तपासताना मला बरे वाटत होते.

खैरनारला दाखवले तेव्हा त्याने तिन्ही घरांचे आकडे बोट ठेवून वाचले. म्हणाला, "चल."

आम्ही पाड्यावर गेलो. लहानू नावाचे ते आजोबा दारात टोपली विणत बसले होते. खैरनारने बसकण मारली, इकडच्या तिकडच्या गप्पा केल्या, आणि मग विचारले, "बाबा, त्या वेळी तुमच्या घरच्या डब्या कोणी भरल्या?"

"मीच की," लहानूबाबा म्हणाले.

"सगळ्या?"

"सून लाजती. पोरांना म्हनलं बसा, तर ती बसून नुसती खिदळत्यात. तुमचा मानूस येऊन उभा. मंग म्हनलं, आपलं पोट साफ हाय, करू एवढं काम." टोपलीची वीण आवळत ते म्हणाले, "शेजारच्यांनी बी आनून दिल्या. कोनाला नाय म्हननार?"

मी खैरनारच्या चेहऱ्याकडे बघत होतो. निम्मा लेख गेला होता. तो हसायला लागला. आधी आवाज न करता, मग डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. लहानूबाबाही हसायला लागले, कशाला ते न कळता. खैरनारने त्यांचे पाय धरले आणि म्हणाला, "बाबा, एवढं दान मला आजवर कोणी दिलं नाही."

त्याने लेख मागे घेतला. पण दिल्लीला गेलाच, आणि लेखाऐवजी ही हकीगत सांगितली. आपण कसे फसलो, डब्या देणारा माणूस दारात उभा राहिला की लोक भिडेपोटी काय करतात, आणि पुढे नमुने कसे घ्यावेत. लोकांनी त्याला डोक्यावर घेतले. त्यानंतर जिथे जाईल तिथे त्याला तीच गोष्ट सांगायला लावत. चूक त्याची, पकडली मी, आणि नाव त्याचेच झाले. गोष्टीत मी एका वाक्यापुरता होतो: "माझ्या एका मित्राला आकड्यांचा संशय आला." एका मित्राला. आठ अक्षरांचे नाव नाही माझे, घ्यायला जड नव्हते.

ती गोष्ट मुक्ताने कॉलेजात ऐकली. खैरनार पाहुणा म्हणून व्याख्यानाला गेला होता. संध्याकाळी ती घरी आली ती बूट न काढताच स्वयंपाकघरात. आईला सगळी गोष्ट हातवारे करून सांगितली, लहानूबाबांच्या आवाजासकट. सुनंदा हसून हसून ओट्याला टेकली. मग मुक्ता माझ्याकडे वळली.

"बाबा, तो मित्र कोण, माहितीये तुम्हाला?"

"मी."

"तुम्ही? मग इतक्या वर्षांत ही गोष्ट सांगितली का नाही आम्हाला?"

"सांगितली होती," मी म्हणालो. सांगितली होतीच. आकड्यांसकट, जेवताना. तेव्हा ती दहावीत होती आणि तिला कंटाळा आला होता.

एमएस्सी झाल्यावर मी तिच्यासाठी पिंपळगावच्या प्रयोगशाळेत शब्द टाकला. द्राक्षांवरचे औषधांचे अंश तपासायचे काम. वातानुकूलित जागा, कायम नोकरी. त्यांनी घ्यायचे कबूल केले. त्याच आठवड्यात खैरनारकडे एक जागा निघाली, तात्पुरती, दोन-दोन महिने विद्यावेतन न येणारी. सोमवारी पिंपळगावला उत्तर द्यायचे होते. रविवारी तो जेवायला आला. कोथिंबीर बघितली, बसला. मी सगळ्यांसमोर विचारले, "भालू, तू हिला काय सांगणार आहेस?"

"मी? काही नाही," तो म्हणाला. "तिकडे पगार आहे. इकडे वास आहे."

"काका, पण तुम्हाला माणूस हवाय ना?" मुक्ताने विचारले.

"हवाय. पण तुझ्या बापाने चांगलं बघून दिलंय. तो चुकत नाही."

त्याने जरा जरी ओढले असते तर मी खेचून धरले असते. त्याने दोर सोडूनच दिला. मुक्ता वरणभात कालवत म्हणाली, "बाबा, मी काकांकडे जाते." सुनंदाने माझ्याकडे बघितले नाही. मी म्हणालो, "ठीक आहे," आणि कोशिंबीर मागितली. पिंपळगावला सोमवारी मी स्वतः कळवले.

पुढची दोन वर्षे माझ्या घरात खैरनार न येताही राहत होता. मुक्ता पेला उजेडात धरू लागली. शेजाऱ्यांच्या नातवाचा तळपाय तिने एकदा लिफ्टमध्ये उलटा करून बघितला. "जंत समान वाटलेले नसतात, बाबा," हे तिने मला नवीन म्हणून सांगितले. तिच्या बोटांची ठेवण माझी आहे, हनुवटी माझी आहे, हे सगळे म्हणतात. ती हसायची मात्र त्याच्यासारखी, आधी आवाज न करता.

मग खैरनारच्या डोळ्यांचे सुरू झाले. दृष्टिपटलाचा आजार. कडेचे दिसायचे, मधले जायचे. जंतांची अंडी शोधणाऱ्याला मधलेच लागते. गाडी चालवणे बंद झाले, काच वाचणे बंद झाले. पुण्याला बहिणीकडे जायचे ठरले. जाण्याआधी मुक्ताने घेतलेला नवा पाडा बघायचा म्हणून गेल्या हिवाळ्यात तो आमच्याबरोबर आला. गाडी मी चालवत होतो. तो पुढच्या सीटवर, मांडीवर तीच कापडी पिशवी.

अंगणवाडीच्या ओट्यावर टेबल मांडले. बायका आल्या, डब्या पदराखाली, तेच ढकलणे, तेच हसणे. मी खांबाला टेकून उभा होतो. खैरनार खुर्चीतून अर्धवट उठला आणि त्याने पिशवीत हात घातला.

पण टेबलावर डबी आधीच ठेवली गेली होती.

"ही माझी," मुक्ता म्हणाली. "मुक्ता दिगंबर. पहाटेची. काकूंनो, वास येत असेल तर आत्ताच सांगा, मग नावं ठेवू नका."

"आगं बाई, पोरगी हाय का कोन," एक जण म्हणाली, आणि पहिल्या हसण्याबरोबर दोन डब्या पुढे आल्या, मग सगळ्याच. बायका तिच्याभोवती गोळा झाल्या. तिला शेंगा दिल्या, लग्न झाले का विचारले, तिच्या केसांबद्दल बोलल्या. खैरनार परत खुर्चीत बसला. हात पिशवीतच होता.

काचा तयार झाल्या. मुक्ता वाचू लागली. मध्येच थांबून तिने हाक मारली, "काका, बघा ना, आतलं हलतंय."

तो आला, वाकला, डोळा लावला. बराच वेळ लावून ठेवला. "हं," म्हणाला, "छान." त्याला काही दिसले नाही हे मला कळले. मुक्तालाही कळले असावे, कारण तिने लगेच माझ्याकडे बघितले.

"बाबा, दुसरं वाचन तुम्ही करता? ऊन आहे तोवर."

मी बसलो. आरसा सावरला. डोळा जागेवर यायला थोडा वेळ लागला, मग एकेक अंडे ओळखीचे दिसू लागले. मोजले. आकडा कागदावर लिहून पालथा ठेवला, पुढची काच घेतली. काम संपत आले तेव्हा मान वर केली.

खैरनार आमच्याकडे बघत होता. बायका मुक्ताला काहीतरी सांगत होत्या, ती हसत होती, तिच्या शेजारी मी सूक्ष्मदर्शकाशी, आणि तो खुर्चीत. त्याला वाटले असेल मी कामात आहे. त्याचा चेहरा मला स्पष्ट दिसला. ओठ किंचित दाबलेले, हसू तसेच धरून ठेवलेले, नजर एका जागी. तो चेहरा मला परका नव्हता. इतकी वर्षे मी तो दाढी करताना बघत आलो आहे. मला वाईट वाटले नाही. बरेही वाटले नाही. आकडा जुळल्यावर वाटते तेवढेच वाटले.

परतताना हरसूल मागे पडले. मुक्ता मागे झोपली होती. मग त्याने विचारले, "दिग्या, तुमचे दोघांचे आकडे जुळले?"

"जुळले."

"सगळे?"

"सगळे."

"हं," तो म्हणाला, आणि खिडकीकडे तोंड केले. वळणावर गाडी कलली तशी त्याने मांडीवरची पिशवी दोन्ही हातांनी धरली. आत त्याची डबी होती, चिठ्ठी लावलेली, पहाटेची.